न वटवलेला चेक

सकाळचं फिरणं झालं की आमच्या बागेतल्या बाकावर निवृत्तांची बैठक भरते. दोन इंजिनियर, एक शाळामास्तर, एक विमा कंपनीतले साहेब आणि बँकेत छत्तीस वर्षं काढलेला मी. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका सकाळी या बैठकीत केळ्यावरून खडाजंगी झाली. न्यूयॉर्कच्या लिलावात, भिंतीला चिकटपट्टीनं चिकटवलेलं एक केळं ६२ लाख डॉलरला, म्हणजे सुमारे ५२ कोटी रुपयांना विकलं गेल्याची बातमी पेपरात आली होती. मौरिझिओ कात्तेलान या इटालियन कलावंताची ही कलाकृती. घेणाऱ्यानं नंतर ते केळं चारचौघांसमोर सोलून खाल्लंसुद्धा. मास्तर फार संतापले होते. मी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे कलेच्या प्रांतातली सगळी पापं या बैठकीत माझ्या खात्यावर नावे पडतात. माझ्याकडे खुलासा मागितला गेला आणि मला तो देता आला नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. तिनं कालच आणलेल्या डझनभर केळ्यांचा भाव सांगितला आणि विषय संपवला.

माझा मात्र तो संपला नाही. कारण बातमीत एक तपशील असा होता, की तो बँकवाल्याच्या डोळ्यांत भरलाच असता. केळं सडणार आणि पुन्हा पुन्हा नवं आणावं लागणार, हे घेणाऱ्याला आधीच माहीत होतं. त्यानं पैसे मोजले ते एका प्रमाणपत्रासाठी आणि केळं कसं चिकटवायचं याच्या सूचनांसाठी. म्हणजे माल नाशवंत, किंमत सगळी कागदाची. आता हा तर आमचाच धंदा! जन्मभर आम्ही दुसरं काय केलं? कागद पाहिला, सही ताडून पाहिली आणि पैसे दिले.

हा धागा धरून मी वाचत गेलो आणि शंभर वर्षं मागं, पॅरिसमधल्या दातांच्या एका डॉक्टरांच्या दारात जाऊन पोचलो.

डॉक्टरांचं नाव डॅनियल त्झांक. चित्रांचे शौकीन, चित्रकारांचे स्नेही. १९१९ च्या डिसेंबरात त्यांच्या एका रुग्णाचं बिल झालं होतं आणि रुग्णाच्या खिशात पैसे नव्हते. या गृहस्थानं काय करावं? त्यानं घरी बसून हातानं एक चेक काढला. अक्षरं छापील वाटावीत अशी, एकेक करून रेखाटलेली. मागं बारीक अक्षरांची नक्षी हवी म्हणून स्वतः रबरी शिक्का तयार केला. तारीख ३ डिसेंबर १९१९, रक्कम ११५ डॉलर, बँक न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरची. बँकेचं नाव मराठीत आणायचं तर दंत कर्ज आणि न्यास कंपनी. अशी बँक अर्थातच नव्हती. खाली सही, मार्सेल द्युशाँ.

पुस्तकात या चेकचं चित्र पाहिलं तेव्हा मी सवयीनं तो तपासू लागलो. तारीख आहे. घेणाऱ्याचं नाव आहे. आकडा आणि अक्षर जुळतंय. सही आहे. चेक छापील कागदावरच हवा असं आपल्या १८८१ च्या कायद्यातही कुठं म्हटलेलं नाही. उणीव एवढीच, की ज्या बँकेवर काढला ती जगात नाही. माझ्या काउंटरवर आला असता तर मी तो परत केला असता आणि आणणाऱ्याला दोन शब्द सुनावलेही असते. डॉक्टर त्झांक यांनी तो ठेवून घेतला.

हा मार्सेल द्युशाँ म्हणजे आजच्या कलेतल्या बहुतेक सगळ्या चमत्कारांचा मूळपुरुष. पिकासोचं नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. द्युशाँचं तितकं नाही. पण २००४ साली ब्रिटनमधल्या कलाक्षेत्रातल्या पाचशे मंडळींना आधुनिक काळातली सर्वांत प्रभावी कलाकृती विचारली, तेव्हा पिकासो दुसरा आला आणि द्युशाँ पहिला.

त्याचा जन्म २८ जुलै १८८७ चा. उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडी प्रांतात, रुआँ शहराजवळच्या ब्लँव्हिल या खेड्यातला. वडील नोटरी. तिकडच्या नोटरीचा मान मोठा. गावातली खरेदीखतं, मृत्युपत्रं, वाटण्या सगळं त्याच्या सहीनं पक्कं व्हायचं. आईचे वडील चित्रकार होते आणि ते रक्त नातवंडांत उतरलं. थोरला भाऊ चित्रकार, दुसरा शिल्पकार, पाठची बहीण सुझानही चित्रकार. एका नोटरीच्या घरात चार कलावंत निघाले, तर आपल्याकडे बापानं काय केलं असतं याची कल्पना वाचकांनी करावी. या बापानं मुलांना अडवलं नाही. दरमहा पैसे पाठवले. फक्त एक केलं. कुणाला किती दिले याची चोख नोंद ठेवली आणि ती रक्कम ज्याच्या त्याच्या वारसाहक्कातून वजा केली जाईल असं बजावून ठेवलं. असा हिशेबी आणि उदार बाप मला तरी वाचनात दुसरा भेटलेला नाही. माणसाची सही कागदाला वजन देते, हे मार्सेलनं घरातच पाहिलं असणार असं मला वाटतं.

१९०४ साली तो पॅरिसला आला. सरकारी कलाशाळेची प्रवेशपरीक्षा नापास झाला. पुढं काही वर्षं त्या काळच्या प्रत्येक पद्धतीनं चित्रं काढून पाहिली. पॅरिसमध्ये तेव्हा क्यूबिझमचा, म्हणजे वस्तूचे तुकडे करून ती एकाच वेळी अनेक बाजूंनी दाखवण्याचा जोर होता. १९१२ मध्ये त्यानं जिना उतरणाऱ्या विवस्त्र आकृतीचं चित्र केलं. चलच्चित्राच्या फिती एकावर एक ठेवाव्यात तशी उतरण्याची एकेक अवस्था त्यात दिसते. चित्र प्रदर्शनात लागलं आणि क्यूबिस्ट मंडळींचाच पापड मोडला. विवस्त्र आकृती पहुडलेली असावी, ती जिना कसली उतरते? निदान नाव तरी बदल, असा निरोप घेऊन आले ते त्याचे सख्खे भाऊ. मार्सेल काही बोलला नाही. टॅक्सी केली, चित्र उचललं आणि घरी घेऊन गेला.

माझ्या मते त्याच्या आयुष्याची दिशा त्या टॅक्सीत ठरली. जुन्यांचे नियम मोडणाऱ्या नव्यांनीही आपले नियम केले होते. आता गटात राहायचं नाही, एवढं त्यानं ठरवलं.

गंमत पुढंच आहे. तेच चित्र १९१३ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रदर्शनात गेलं आणि अमेरिकेत त्यानं धमाल उडवली. वर्तमानपत्रांनी व्यंगचित्रं काढली. चित्रातली बाई शोधून देणाऱ्याला एका कलापत्रिकेनं १० डॉलरचं बक्षीस लावलं. ३२४ डॉलरला चित्र विकलं गेलं. नाव झालं. दुसरा कुणी असता तर त्यानं जिना उतरणाऱ्यांची रांगच लावली असती. द्युशाँनं त्याच वर्षी पॅरिसच्या एका ग्रंथालयात नोकरी धरली आणि चित्रं काढणं हळूहळू बंद केलं. वय पंचवीस-सव्वीस.

मग त्यानं केलं काय? सायकलचं पुढचं चाक एका स्टुलावर उलटं बसवलं. येता-जाता फिरवायचं आणि बघत बसायचं, शेकोटीतल्या ज्वाळांकडे बघत बसावं तसं. १९१४ मध्ये पॅरिसच्या एका बाजारातून बाटल्या वाळत घालण्याची लोखंडी घडवंची आणली. पहिलं महायुद्ध पेटल्यावर १९१५ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि तिथं बर्फ ओढायचं एक फावडं विकत घेऊन छताला टांगलं. या वस्तूंना त्यानं नाव दिलं रेडीमेड. कपड्यांच्या दुकानातला शब्द! दरम्यान पॅरिसमधल्या त्याच्या खोलीची साफसफाई बहिणीनं केली आणि चाक, घडवंची दोन्ही अडगळ म्हणून फेकून दिली. ती स्वतः चित्रकार होती, तरीही. कोणत्याही संसारी माणसानं हेच केलं असतं.

आणि मग १९१७. न्यूयॉर्कमध्ये स्वतंत्र कलावंतांची एक संस्था निघाली होती. द्युशाँ तिच्या संचालकांपैकी एक. संस्थेचा नियम साधा होता. सहा डॉलर भरा, कलाकृती पाठवा, ती लागेलच. परीक्षक नाहीत, निवड नाही. प्रदर्शनात सुमारे अडीच हजार कृती आल्या. त्यांत एक होतं चिनीमातीचं पुरुषांचं मूत्रपात्र, आडवं ठेवलेलं, आर. मट अशी सही केलेलं. नाव ‘फाउंटन’, म्हणजे कारंजं. फी भरलेली होती. संचालकांची बैठक बसली, वाद झाला आणि ते प्रदर्शनात लावायचं नाही असं ठरलं. द्युशाँनं राजीनामा दिला. मूळ वस्तू लवकरच हरवली. उरला तो फक्त आल्फ्रेड स्टीग्लिट्झ या थोर छायाचित्रकारानं काढलेला एक फोटो. ते पात्र एका मैत्रिणीनं पाठवलं होतं असं द्युशाँनं तेव्हा बहिणीला पत्रात कळवलं होतं. त्यावरून खरी कल्पना कुणाची, हा वाद अभ्यासकांत आजही चालू आहे. पण पुढं ते त्याच्याच नावावर चढलं.

कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या पुरवणीत या वस्तूचा उल्लेख करावा का, असं माझ्या मनात आलं होतं. पण तो टाळला तर गोष्टच टळते. द्युशाँचा सवाल घाणीविषयी नव्हताच, तो नियमाविषयी होता. सगळ्यांना प्रवेश, असं तुम्ही लिहिलंत. फी घेतलीत. मग आता कोणत्या कलमाखाली नाकारता? आणि कलाकृती कशानं होते? हातानं घडवल्यानं, सुंदर असल्यानं, की कलावंतानं निवडून सही केल्यानं? नोटरीच्या मुलानं कलेच्या जगाला विचारलेला हा कायदेशीर प्रश्न होता. पुढची शंभर वर्षं सगळे त्याचंच उत्तर शोधत बसले.

इथं मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिच्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

१९८९ साली मी मुंबईत फोर्टातल्या एका शाखेत कर्ज विभागात होतो. एके दुपारी पन्नाशीचे एक गृहस्थ आले. चित्रकार होते. त्यांना प्रदर्शन भरवायचं होतं. हॉलचं भाडं आणि चित्रांच्या चौकटी, यासाठी पंधरा हजार रुपये कर्ज हवं होतं. तारण म्हणून त्यांनी आपली बारा चित्रं टॅक्सीत घालून आणली होती, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून, सुतळीनं बांधून. ती त्यांनी माझ्या टेबलाला टेकवून ठेवली. मी अर्ज वाचला. तारणाच्या मूल्याचा रकाना होता. तिथं मी शून्य लिहिलं आणि त्यांना नियम समजावून सांगितला. बाजारात ताबडतोब विकता येईल अशी वस्तू असेल तरच ती तारण, सोनं, शेअर, विम्याची पॉलिसी वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. जाताना एवढंच विचारलं, की शून्य लिहिण्यापूर्वी मी चित्रं पाहिली होती का. मी पाहिली नव्हती. सुतळीसुद्धा सोडली नव्हती.

नियमानं माझं काही चुकलं नव्हतं. ऑडिटमध्ये त्या अर्जावर कुणी बोट ठेवलं नसतं. न्यूयॉर्कच्या त्या संचालकांचंही, त्यांच्या मते, काही चुकलं नव्हतं.

असो. द्युशाँकडे वळू. दंतवैद्याच्या चेकनंतर पाच वर्षांनी, १९२४ मध्ये, त्यानं चक्क कर्जरोखे काढले. माँटे कार्लोच्या जुगारघरात रूलेट खेळून जिंकण्याची एक सावकाश पद्धत आपण शोधली आहे आणि त्यासाठी भांडवल हवं, असा त्याचा दावा. ५०० फ्रँकचा एक असे तीस रोखे काढायचे, व्याज २० टक्के. रोख्यावर रूलेटच्या चक्रावर त्याचाच फोटो, साबणाच्या फेसानं केसांची शिंगं केलेला. सह्या दोन. एक त्याची आणि दुसरी, अध्यक्ष म्हणून, रोझ सेलाव्ही या बाईची. ही बाई म्हणजेही तोच. काही वर्षांपूर्वी त्यानं हे स्त्रीरूप धारण केलं होतं आणि मॅन रे या मित्रानं तिचे फोटोही काढले होते. तीसपैकी मोजकेच रोखे खपले. खेळात त्याला फारसा फायदा झाला नाही आणि फारसा तोटाही झाला नाही. मात्र त्यांतला एक रोखा २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. ८६ वर्षांत एवढा परतावा देणारा रोखा मी माझ्या नोकरीत पाहिला नाही.

कागदाचा आणि कलेचा हा झगडा एकदा खरोखरच कोर्टात गेला. शिल्पकार ब्रांकुशी द्युशाँचा जवळचा मित्र. १९२६ मध्ये त्याची शिल्पं घेऊन द्युशाँ जहाजानं न्यूयॉर्कला गेला. त्यांत ब्रांझचा एक उंच, निमुळता, चकचकीत पक्षी होता. ना चोच, ना पंख. कस्टमच्या साहेबांनी त्याला शिल्प मानायला नकार दिला, स्वयंपाकघरातली भांडी आणि इस्पितळातलं सामान या वर्गात टाकलं आणि ४० टक्के जकात लावली. कलाकृती असती तर ती माफ होती. खटला उभा राहिला आणि १९२८ च्या नोव्हेंबरात न्यायाधीशांनी निकाल दिला, की पक्ष्यासारखं दिसत नसलं तरी हे शिल्पच आहे. कला कशाला म्हणायचं, हे पुन्हा एकदा रकान्यावर येऊन अडलं होतं. या खेपेला रकाना हरला.

पोटापाण्याचं काय, असा प्रश्न वाचकांना पडला असेल. न्यूयॉर्कमध्ये द्युशाँ फ्रेंचच्या शिकवण्या करी. पुढं मित्राबरोबर ब्रांकुशीची २९ शिल्पं घेऊन ती वर्षानुवर्षं एकेक विकत त्यानं गुजराण केली. आपली चित्रं मात्र तो वाढवीत नव्हता. मोठमोठ्या गॅलऱ्यांनी चांगले पैसे देऊ केले तरी त्यानं पुन्हा ब्रश धरला नाही. काचेवर तारा, शिसं, धूळ असं काहीबाही वापरून केलेली नऊ फूट उंचीची एक कृती आठ वर्षं चालली होती. १९२३ मध्ये तीही त्यानं अपुरी सोडून दिली. एका प्रदर्शनाहून परतताना वाहतुकीत ती काच फुटली. हे कळल्यावर त्यानं आकांत केला नाही. १९३६ मध्ये महिनाभरापेक्षा जास्त बसून तुकडे जुळवले आणि तडे गेल्यामुळेच ती आता बरी दिसते, असं ठरवून टाकलं.

मग दिवसभर तो करायचा काय? बुद्धिबळ खेळायचा. हा विरंगुळा नव्हता, व्यसनच होतं. १९२८ ते १९३३ या काळात तो चार ऑलिंपियाडमध्ये फ्रान्सकडून खेळला. त्यांतल्या तीन स्पर्धांत इंग्लंडच्या संघात आपल्याकडचा मीर सुलतान खान होता, हे बुद्धिबळप्रेमी वाचकांना ठाऊक असेल. १९२७ मध्ये द्युशाँनं लग्न केलं. मधुचंद्राच्या दिवसांतही नवरा रात्र रात्र पटावर बसलेला पाहून बायकोनं एकदा सगळी मोहरी पटाला चिकटवून टाकली, अशी हकीकत मित्र सांगत. सहा-सात महिन्यांत ते लग्न मोडलं. त्या तरुण मुलीचं दुःख या विनोदाखाली झाकलं जातं, हेही नोंदवून ठेवतो. अलिप्त माणसाच्या घरातल्यांना त्या अलिप्ततेची किंमत मोजावी लागतेच.

दुसऱ्या महायुद्धात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेलं. तोवर द्युशाँ एक नवाच उद्योग करत होता. आपल्या आजवरच्या सगळ्या कृतींच्या छोट्या प्रतिकृती करून त्या एका पेटीत बसवायच्या. फिरत्या विक्रेत्याची असते तशी पेटी, उघडली की संग्रहालय. हे सामान जर्मन हद्दीतून दक्षिणेकडे न्यायचं कसं? त्याचा एक मित्र चीजचा व्यापारी होता. त्याच्याकडून चीज खरेदीचा माणूस म्हणून परवाना मिळवला आणि तपासणी नाक्यांवरून द्युशाँनं आपलं आयुष्यभराचं काम खेपा करून पार नेलं. १९४२ मध्ये तो पुन्हा न्यूयॉर्कला पोचला.

तिथं त्याला जवळजवळ सगळे विसरले होते. पण हळूहळू पोरं त्याला शोधत येऊ लागली. १९५२ मध्ये जॉन केज या संगीतकारानं चार मिनिटं तेहतीस सेकंदांची अशी रचना केली, की वादक एकही स्वर वाजवत नाही. ऐकायचे ते सभागृहातले आवाज. हा केज द्युशाँकडे बुद्धिबळ खेळायला यायचा. रॉबर्ट राउशेनबर्ग आणि जास्पर जॉन्स यांनी रस्त्यावरच्या वस्तू, झेंडे, आकडे चित्रांत आणले. अँडी वॉरहॉलनं १९६२ मध्ये सूपच्या डब्यांची ३२ चित्रं केली, १९६४ मध्ये भांडी घासायच्या साबणाचे खोके लाकडात हुबेहूब तयार करून मांडले. ही पॉप आर्ट. पॅरिसमध्ये इव्ह क्लाइन सोन्याच्या बदल्यात रिकामी जागा विकू लागला. घेणाऱ्याला रीतसर पावती द्यायची, त्यानं ती जाळली, की मिळालेल्या सोन्यातलं निम्मं सीन नदीत टाकायचं! १९६५ मध्ये जोसेफ कोसुथनं एक खुर्ची, तिचा फोटो आणि शब्दकोशातला खुर्ची या शब्दाचा अर्थ, असं शेजारी शेजारी मांडलं. वस्तूपेक्षा कल्पना महत्त्वाची मानणारी ही संकल्पनात्मक कला. ज्याला आपण मांडणशिल्प म्हणतो त्याचीही एक मुळी इथंच निघते. आणि उत्तर-आधुनिक म्हणवणाऱ्यांनी तर नवं काही निर्माण होतं हीच गोष्ट संशयानं पाहिली. १९९१ मध्ये शेरी लेव्हीन या बाईंनी द्युशाँचं तेच मूत्रपात्र ब्रांझमध्ये ओतून चकचकीत करून मांडलं. नक्कल कशाची, तर जे त्यानंही घडवलं नव्हतं त्याची.

आपल्याकडे या वाऱ्यांची एक झुळूक भूपेन खख्खर यांच्यामुळे आली. मुंबईत १९३४ मध्ये जन्मलेले, शिक्षणानं चार्टर्ड अकाउंटंट. साठीच्या दशकात बडोद्याला जाऊन त्यांनी कॅलेंडरवरच्या देवादिकांची चित्रं कापून आपल्या कामात चिकटवली आणि पुढं शिंपी, घड्याळजी अशा साध्या माणसांना कॅनव्हासवर आणलं. हिशेबनीसाची नोकरी ते बरीच वर्षं करत होते. आमच्या जातकुळीतला हा माणूस आहे, म्हणून मला त्यांच्याविषयी विशेष ममत्व.

पण म्हणजे काहीही मांडावं आणि त्याला कला म्हणावं का? मास्तरांचा हा प्रश्न खोटा नाही. द्युशाँच्या नावावर पुढं पुष्कळ पोकळ हुंड्या निघाल्या आणि वटल्याही. ज्याची खिल्ली उडवायला त्यानं वस्तू उचलल्या, तो बाजारच त्या वस्तूंची पूजा करू लागला. १९६४ मध्ये त्यानं स्वतःच हरवलेल्या पात्राच्या आठ प्रतींना मान्यता दिली. त्यांतली एक १९९९ मध्ये सतरा लाख डॉलरच्या वर गेली. या दोषातून त्याला पूर्ण सोडवावं असं मला वाटत नाही.

मात्र त्यानं १९५७ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात एक छोटं भाषण दिलं होतं, ते मला महत्त्वाचं वाटतं. त्यातला विचार असा, की कलावंत एकटा कृती पुरी करत नाही. निम्मं काम बघणाऱ्याचं असतं. बघणारा तिचा अर्थ लावतो, तिचं वजन ठरवतो आणि तिथं ती पुरी होते. म्हणजे द्युशाँनं बघणाऱ्याला फसवलं नाही, त्याच्यावर काम सोपवलं.

आणि तो स्वतः? सगळ्यांना वाटत होतं, यानं काम केव्हाच सोडलं. १९५४ मध्ये त्यानं टीनी या प्रेमळ बाईंशी लग्न केलं आणि ते टिकलं. पाइप ओढत, पट मांडून बसलेला हसतमुख म्हातारा अशीच त्याची ख्याती झाली. २ ऑक्टोबर १९६८ रोजी पॅरिसजवळ तो वारला. रुआँच्या कबरस्तानात घरच्यांशेजारी त्याला पुरलं. मरतात ते नेहमी दुसरेच, अशा अर्थाचा मजकूर त्यानं आपल्या थडग्यासाठी करून ठेवला होता. त्यानंतर उघडकीला आलं, की १९४६ पासून वीस वर्षं तो न्यूयॉर्कच्या एका खोलीत गुपचूप काम करत होता. जुना लाकडी दरवाजा, त्याला डोळ्यांएवढी दोन भोकं, आत डोकावलं की गवतकाड्यांवर पहुडलेली एक विवस्त्र स्त्री, तिच्या हातात दिवा, मागं धबधबा. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात १९६९ मध्ये ती कृती लोकांना खुली झाली. एका वेळी एकानंच पाहायची, तीही भोकाला डोळा लावून. विकायची नाही, मिरवायची नाही, वीस वर्षं कुणाला सांगायचंही नाही. केळ्याचा हिशेब करताना या वीस वर्षांचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

डॉक्टर त्झांक यांचा चेक पुढं द्युशाँनंच परत विकत घेतला. त्यावर लिहिलेल्या रकमेपेक्षा बरेच जास्त पैसे देऊन. न वटवलेला चेक काढणाऱ्यानंच चढ्या भावानं सोडवून नेला, असं उदाहरण बँकिंगच्या पुस्तकात नाही. त्याचं श्रेय मी डॉक्टरांना देतो. बिलापोटी आलेला कागद त्यांनी हातात घेऊन नीट पाहिला होता.

दुसऱ्या सकाळी बाकावर मी हे सगळं मास्तरांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही आणि त्यांनी पटवून घ्यावं असा माझा आग्रहही नव्हता. केळं ५२ कोटींचं आहे का, हे मलाही सांगता येणार नाही. तो रकाना मी आता मोकळाच सोडतो.

१९८९ सालच्या त्या दुपारी आणखी दोन मिनिटं लागली असती. सुतळी सोडायची, वर्तमानपत्र बाजूला सारायचं आणि बघायचं. कर्ज तरीही नामंजूरच झालं असतं कदाचित. पण त्या बारा चित्रांत काय होतं, हे आज मला कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.